कोऱ्या नमुन्यातली हळद

बसवनगुडीत आमच्या रस्त्यावर मी वजनकाट्यांच्या खात्यात नोकरीला आहे असा सगळ्यांचा पक्का समज होता. तो मीच करून दिला होता. लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा शेजारच्या सरोजम्मांनी विचारलं, ऑफिसात काय करता? मी म्हटलं, वजन करते. कशाचं? फार बारीक वस्तूंचं. झालं! तेव्हापासून गल्लीत कुणी सोनं घेतलं की पुडी घेऊन आमच्या दारात. "अक्का, स्वल्प तुमच्या काट्यावर बघून द्या ना." मी किती सांगितलं की आमच्या काट्यावर जे ठेवावं ते परत मिळत नाही, त्याचा धूर होतो. तरी लोकांना वाटायचं मी टाळतेय.

आमच्या यंत्राचं नाव मास स्पेक्ट्रोमीटर. नाव भारी आहे, काम सोपं आहे. एखाद्या पदार्थाचा कण, डोळ्यांना दिसणार नाही इतका, एका पोकळीत सोडायचा. पोकळी म्हणजे खरी पोकळी, हवासुद्धा पंपानं उपसून काढलेली. तिथं त्याला तापवून त्याची वाफ करायची आणि वाफेवर विजेचा मारा करायचा. रेणू फुटतात. ते तुकडे एका मोठ्या लोहचुंबकापुढून पळवायचे. वळणावर सायकल पटकन वळते आणि ट्रक रुंद फिरतो, तसंच हलके तुकडे जास्त वळतात आणि जड तुकडे कमी. कोण किती वळला यावरून त्याचं वजन कळतं. मग कागदावर उभ्या रेघा उमटतात, प्रत्येक वजनाची एक. त्या रेघा बघून मूळ वस्तू काय होती ते ओळखायचं. थोडक्यात, बरणी फोडून आत लोणचं कशाचं होतं ते सांगण्याचा धंदा.

आमचं घराणं मूळचं निपाणीकडचं, पण बंगळूरला इतकी वर्षं झाली की माझं मराठी अर्धं कानडीत भिजलेलं आहे. यंत्र दुरुस्त करायला पुण्याहून इंजिनिअर यायचे. ते माझं बोलणं ऐकून दर वेळी म्हणायचे, "अरे वा, छान बोलता हं तुम्ही मराठी!" मी पण म्हणायची, तुम्हीही छान बोलता. त्यांना ते आवडत नसे.

माझ्या खोलीच्या दारावर नियम लावलेले होते. गजरा बाहेर ठेवा. अत्तर लावून येऊ नका. हाताला तेल असेल तर साबणानं धुऊन या. डबा आणू नका. उदबत्ती पेटवू नका. लोक मला सोवळ्याची बाई म्हणायचे. पण या यंत्राचं नाक भलतंच तिखट. आपल्याला वास यायचा थांबला तरी त्याला तो येत राहतो. तेच पुण्याचे इंजिनिअर एकदा सकाळपासून डोकं खाजवत बसले होते. कागदावर नको त्या रेघा येत होत्या, यंत्रात मोठा बिघाड आहे, भाग परदेशातून मागवावा लागेल म्हणाले. मी त्यांना बाहेर कॅन्टीनमध्ये कॉफीला पाठवलं. ते गेले आणि रेघा हळूहळू गेल्या. त्यांनी दाढी करून गालाला काहीतरी सुगंधी चोपडलेलं होतं. परदेशातून काही मागवावं लागलं नाही.

बाहेरचे लोकही यायचे. एक गृहस्थ कुठल्याशा स्वामीजींच्या हातून आपोआप पडलेली विभूती घेऊन आले. ही दैवी आहे की साधी, एवढं सांगा म्हणाले. आता आमचं यंत्र वाफ होणाऱ्या वस्तूंचं. राख काही उडत नाही. मी प्रामाणिकपणे लिहून दिलं की या नमुन्यात आमच्या पद्धतीनं काहीही आढळलं नाही. पुढं कळलं की त्यांनी तो कागद चौकटीत घालून देवघरात लावलाय आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, बघा, शास्त्रालासुद्धा थांग लागला नाही. तेव्हापासून मी शब्द फार जपून लिहायला लागले.

पण मला सांगायचं आहे ते सुनंदाचं.

सुनंदा चिकोडीजवळच्या एका खेड्यातली. आमच्या संस्थेत पीएचडी करायला आली होती. वडील लहानपणीच गेले. घरी आई, मोठा भाऊ आणि हळदीचं शेत. भावाचं म्हणणं, एवढं शिकून झालं, आता बास. मिरजेचं एक स्थळ त्यानं बघून ठेवलं होतं. आईनं भावाशी भांडून तिला बंगळूरला पाठवलं होतं आणि स्थळ आल्यावर मुदत मागून घेतली: येत्या लग्नसराईच्या आत प्रबंध देऊन होईल, नाही झाला तर पोरगी गुमान घरी येईल. ही मुदत संपत आली होती. सुनंदा हे सगळं मला पहिल्याच भेटीत सांगून मोकळी झाली, कारण बंगळूरात तिला मराठी बोलायला कुणी मिळत नव्हतं. मला ती अक्का म्हणायची.

तिचं काम शिरसीच्या जंगलातल्या एका झाडाच्या सालीवर होतं. साल वाळवायची, कुटायची, अल्कोहोलमध्ये उकळायची, गाळायची, आणि त्या तपकिरी रसातून एकेक द्रव्य वेगळं करायचं. काचेच्या उंच नळीत पांढरी पूड भरून वरून रस ओतायचा, खाली थेंब थेंब वेगळे होत येतात. वर्षानुवर्षं असं थेंब मोजत बसायचं. तिच्या सालीतून तोवर जे निघालं होतं ते कुठल्याही झाडाच्या सालीतून निघतं. अशा प्रबंधाला परीक्षक नावं ठेवतात आणि परत पाठवतात.

आणि एके दिवशी तिनं माझ्याकडे एक कुपी आणली. तळाला तेलकट, जवळजवळ बिनरंगी थेंब. मी तो यंत्रात घातला. शेवटची मोठी रेघ २१६ वर आली. तिच्यामागे ८३ आणि ११९ ची जोडी. मला ही मंडळी ओळखीची वाटली. पुस्तकात बघून खात्री केली आणि तिला सांगितलं, "हे टर्मेरोन. हळदीच्या तेलात असतं."

"पण हे झाड हळदीच्या नात्यातलं नाही, अक्का."

"नाही ना? मग बघ काय ते."

तिचे गाईड डॉ. अनंतय्या ते ऐकून हरखून गेले. मोठा माणूस, मोठं नाव, निवृत्तीला आलेले. हळदीशी काही संबंध नसलेलं एक जंगली झाड हळदीचं द्रव्य तयार करतं, ही बातमी होती. निबंध लिहायचा ठरला, परिषदेला पाठवायचा ठरला, सुनंदाच्या प्रबंधात त्याचं स्वतंत्र प्रकरण. म्हणाले, आता प्रबंध अडत नाही. पोरगी त्या दिवशी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना म्हैसूरपाक वाटत होती. मलाही दिला. मी तो खोलीच्या बाहेर उभी राहून खाल्ला.

माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली होती. कारण कुपीचं झाकण उघडलं तेव्हा जो वास आला तो जंगलाचा नव्हता, लग्नघराचा होता. आता टर्मेरोनला हळदीचाच वास येणार, त्यात विशेष काय, असं कुणीही म्हणेल. पण इतकी वर्षं या धंद्यात काढल्यावर माणसाला चांगल्या बातमीचा संशय येतो. मी सुनंदाला म्हटलं, "कोरा नमुना केलास का?"

कोरा नमुना म्हणजे काय ते सांगते, कारण आमच्या धंद्याचा सगळा धर्म त्यात आहे. जे काही केलं ते सगळं पुन्हा करायचं, त्याच भांड्यात, त्याच हातांनी, त्याच क्रमानं. फक्त मूळ वस्तू घालायची नाही. डाळ न घालता आमटी करायची आणि चव बघायची. चव आली तर ती भांड्याची.

"साल न घालता काय काढू, अक्का? पाणी?" तिला हसू आलं.

"हां, पाणीच काढ. पाणी निघालं तर तू सुटलीस."

तिनं गाईडना विचारलं. दुसऱ्या दिवशी डॉ. अनंतय्या स्वतः माझ्या दारात. दारावरचे नियम त्यांनी वाचले नाहीत, गंधाची उटी लावून तसेच आत आले. म्हणाले, "मेडम, मी तीस वर्षं झाडांवर काम करतोय. तुमचं काम वजन करायचं. विचार करायला मी आहे."

"सरी सर," मी म्हटलं, म्हणजे बरं सर. आत माझा नुसता संताप झाला होता. पण सरी म्हणण्यात एक सोय असते, कबूल केलं असंही होत नाही आणि भांडण केलं असंही होत नाही. ते गेल्यावर त्यांच्या चंदनाच्या रेघा यंत्रात संध्याकाळपर्यंत दिसत होत्या.

सुनंदानं मात्र गुपचूप कोरा नमुना केला. सर परगावी गेले होते तेव्हा. मला वाटतं तिला माझी जिरवायची होती. कुपी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "घ्या. पाणी आणलंय." मी ते यंत्रात घातलं. दोघी कागदाकडे बघत बसलो. लहान लहान रेघा गेल्या, ८३ आली, ११९ आली, आणि मग २१६. ठसठशीत. साल नव्हती, झाड नव्हतं, शिरसीचं जंगल नव्हतं, आणि हळद होती.

सुनंदानं कागद हातात घेतला. ओठ पांढरे पडले तिचे. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण ते वाटलं नाही. मी म्हटलं, "घाबरू नकोस, माझ्याच यंत्रात कुठून तरी येत असेल." आणि ते मला मनापासून खरं व्हावंसं वाटत होतं.

संशय घ्यायला माणूस तयारच होता. आमचे तंत्रज्ञ नंजुंडप्पा. पंप, वायुनळ्या, वीज गेली की जनरेटर, सगळं त्यांच्या हातात. विजेचा तेव्हा काही भरवसा नव्हता. वीज गेली की पोकळी बिघडणार, म्हणून नंजुंडप्पा दिवे फडफडले की धावत सुटायचे. अशा माणसाशी वाकडं घेऊ नये. पण दसऱ्याच्या आयुधपूजेला आमचं दर वर्षी वाजायचं. इथं आयुधपूजेला बस, रिक्षा, लेथ, टाइपरायटर, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. नंजुंडप्पांचं म्हणणं, एवढं मोठं परदेशी यंत्र आणि त्यालाच पूजा नाही? उद्या बंद पडलं म्हणजे? शेवटी तह झाला होता. पूजा दाराबाहेर. कापूर अंगणात. हळदकुंकू चौकटीला. भोपळा तर पार फाटकापाशी फोडायचा.

मी त्यांना सरळ विचारलं, "अण्णा, खरं सांगा. यंदा आत येऊन यंत्राला हळद लावलीत ना?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्यावर चोरीचा आळ घेतलाय. "मेडम, माझ्या देवाची शपथ," म्हणाले आणि निघून गेले. मी सगळं यंत्र पुसून काढलं, आतली नळी काढून धुतली, भाजली. माझ्या हातानं शुद्ध द्रावक, म्हणजे साल उकळतात ते अल्कोहोल, घालून बघितलं. कागद कोरा. सुनंदाचा नमुना घातला की २१६, माझा घातला की काही नाही. म्हणजे यंत्र निर्दोष, मी निर्दोष, नंजुंडप्पाही निर्दोष. त्यांची माफी मागितली. "सरी बिडि," म्हणाले, म्हणजे जाऊ द्या. पण पुढं बरेच दिवस माझी कॉफी आणताना मुद्दाम बिनसाखरेची आणायचे.

तेव्हा मी सुनंदाच्या प्रयोगशाळेत गेले. तिला म्हटलं, "मी इथं स्टुलावर बसते. तू कोरा नमुना पहिल्यापासून कर. मी नाही असं समज."

भांडी तिनं इतकी स्वच्छ धुतली की मला तिच्या आईचं कौतुक वाटलं. पूड नवी, द्रावक नवा, गाळणकागद नवा. नळी भरली. एकेक पायरी चोख. मी चूक शोधत होते आणि चूक सापडत नव्हती. शेवटी तिनं डाव्या हातात चंबूची मान धरली, त्यावर फनेल ठेवलं आणि उजव्या हातानं द्रावकाची धार सोडून कडा धुवायला लागली. आणि मग मला ते दिसलं. इतका वेळ समोर होतं.

तिच्या डाव्या मनगटात दोरा होता. पिवळा धमक. गाठीच्या पुढं दोन शेंड्या लोंबत होत्या आणि त्या फनेलच्या आत टेकल्या होत्या. द्रावकाची धार त्यांच्यावरून आत जात होती.

आता कुणी म्हणेल, एवढा पिवळा दोरा आणि इतके दिवस कुणाला दिसला नाही? नाही दिसला. आपल्याकडे कुणाच्या मनगटात काय नसतं! त्या प्रयोगशाळेत लाल दोरे होते, काळे होते, तांब्याची कडी होती, एका मुलाच्या दंडात ताईत होता. मी दारावर एवढे नियम लिहिले, गजरा लिहिला, अत्तर लिहिलं, पण दोरा लिहावा असं माझ्याही मनात आलं नाही. दोरा म्हणजे आपल्याला अंगाचाच भाग वाटतो. आणि सालीचा रस मुळात तपकिरी पिवळा, त्यात थोडं पिवळं उतरलं तर कोण बघतं? पुढं त्या काचेच्या नळीत हळदीचा रंग वर अडकायचा आणि बिनरंगी तेल तेवढं खाली यायचं. ते तेल म्हणजेच तो शोध.

"हा दोरा कसला?" मी विचारलं.

"देवीचा आहे. आईनं बांधलाय." तिनं सहज सांगितलं. मग माझ्या तोंडाकडे बघितलं, मग दोऱ्याकडे, मग फनेलमध्ये. चंबू तिनं हळूच खाली ठेवला.

दोरा प्रबंधासाठी होता. आईनं घरच्या ओल्या हळदीत भिजवून, देवीपुढं ठेवून बांधलेला. प्रबंध पुरा होईपर्यंत काढायचा नाही. रंग उतरला तर हळद उगाळून पुन्हा लावायची, त्यासाठी घरची हळकुंडं पुरचुंडीत बांधून दिली होती. सुनंदा दर शुक्रवारी न चुकता लावत होती. म्हणून तर एवढ्या धुण्यातूनही २१६ कधी कमी झाला नाही.

"काढ तो," मी म्हटलं.

"नाही काढता येत, अक्का."

"अगं, तुझा प्रबंध त्या दोऱ्यामुळे—"

"आई माझ्यासाठी दादाशी भांडली. गावात तिला सगळे हसतात. तिनं हा एवढा एकच दोरा मागितला माझ्याकडून." तिनं उजव्या हातानं दोरा झाकला. "तो मी कापून टाकू आणि मग पास होऊ?"

मी तिला प्लास्टिकचा लांब हातमोजा दिला, दोऱ्यावरून कोपरापर्यंत चढवून काम कर म्हटलं. तिनं केलं. २१६ गेला आणि १४९ आला, कारण मोज्यातलं मऊपणाचं रसायन द्रावकात उतरलं. त्याची रेघ तर हळदीपेक्षाही उंच होती. आता एका सालीतून प्लास्टिक निघालं म्हणून निबंध लिहायला डॉ. अनंतय्यासुद्धा तयार झाले नसते. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून वेड्यासारख्या हसलो, आणि हसता हसता ती रडायला लागली.

सर परत आले होते. परिषदेचा गोषवारा चार दिवसांत जायचा होता. सुनंदानं त्यांना काही सांगितलं नव्हतं. सांगितलं तर प्रकरण जाणार, निबंध जाणार, मुदत जाणार, आणि मिरजेचं स्थळ येणार. नाही सांगितलं तर सगळं सुरळीत होणार, झाडाच्या नावावर एक हळद जगभर छापली जाणार. मी तिला म्हटलं, मी आपणहून काही बोलणार नाही, पण मला कुणी विचारलं तर खोटंही सांगणार नाही. ती म्हणाली, माहीत आहे. आणि मग म्हणाली, "आई येतेय. मला बघायला. तिला दोऱ्याचं काही सांगू नका, अक्का, तुमच्या पाया पडते. तिचा जीव जाईल."

आई आली. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू नव्हतं पण नजर कुंकवासारखी ठसठशीत, हातात कापडी पिशवी. सुनंदा तिला प्रयोगशाळा दाखवून माझ्याकडे घेऊन आली. दारात थांबून बाईंनी आधी चपला काढल्या, मग नियम वाचून दाखवायला सांगितले, आणि पिशवीतला भाकरीचा डबा बाहेर नंजुंडप्पांच्या हवाली केला. माझ्या सबंध नोकरीत ते नियम पूर्ण ऐकून घेणारी ती पहिली पाहुणी.

"हीच व्हय मशीन?" त्यांनी लांबूनच हात जोडले. "माझी लेक म्हनती, अक्काची मशीन कधी खोटं बोलत न्हाई."

"नाही बोलत."

"मग मला सांगा. पोरीचं कुठं अडलंय? फोनवर बोलताना आवाज पडल्याला असतोय. इचारलं की म्हनती, बरं हाय. म्या काय लहान हाय व्हय?"

सुनंदा त्यांच्या मागे उभी होती. डोळ्यांनी मला नको नको म्हणत होती. मी पंपाकडे बघितलं, मग कागदांकडे बघितलं. एखादं गोल उत्तर देता आलं असतं. विभूतीवाल्या गृहस्थांना दिलं होतं तसं. पण त्या बाई माझ्याकडे अशा बघत होत्या की गोल उत्तर जिभेवर येईना.

मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. साल, रस, थेंब, रेघा. कोरा नमुना सांगितला. आमटीचं उदाहरण त्यांना लगेच कळलं. मग म्हटलं, "त्या सालीत हळद निघाली म्हणून सगळे खूश झाले. पण हळद सालीतली नव्हती. ती तुमच्या दोऱ्यातली होती."

सुनंदानं डोळे मिटून घेतले.

बाईंनी लेकीच्या मनगटाकडे बघितलं, मग यंत्राकडे. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे आमची हळद या मशिनीत दिसली?"

"दिसली."

"एवढीशी दोऱ्याची?"

"स्वच्छ दिसली."

"भेसळ न्हवती न्हवं?"

"अजिबात नाही. इतकी शुद्ध हळद मी या यंत्रात कधी पाहिली नाही." हे खरं होतं. मी बाजारची हळदही कधी घातली नव्हती, पण ते सांगायची गरज नव्हती.

"आसंल. घरचीच हाय," त्या म्हणाल्या. मग मागे वळल्या. "हिकडं ये गं."

सुनंदा पुढं आली. आईनं तिचा डावा हात ओढून मांडीवर घेतला आणि गाठीला नखं लावली. सुनंदा म्हणाली, "आई, प्रबंध व्हायचाय अजून. आता सोडायचा नसतो." बाई मान वर न करता म्हणाल्या, "तू सोडायचा नसतो. म्या बांधला, म्याच सोडते. देवीला काय सांगायचं त्ये म्या सांगीन." गाठ पाण्यानं घट्ट झाली होती. दातांनी धरून सोडवली. दोरा नीट गुंडाळून कमरेला खोचला.

सुनंदा मनगट साबणानं घासून आली, तेव्हा दोऱ्याच्या जागी फिकट पट्टी दिसत होती. बाई ती बघत राहिल्या. "आता मोकळ्याच हातानं करनार एवढं मोठं काम?" असं पुटपुटल्या आणि त्यांनी ते मनगट आपल्या दोन्ही हातांनी गच्च धरलं. तसंच धरून बसल्या. नंजुंडप्पा कॉफी घेऊन आले, ती प्यायची म्हणूनसुद्धा सोडलं नाही. शेवटी गाडीची वेळ झाली तेव्हा उठल्या.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला घोर नको. सुनंदानं सरांना दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. निबंध गेला नाही. सर माझ्याशी निवृत्त होईपर्यंत बोलले नाहीत, पण त्यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याला कोरा नमुना सक्तीचा झाला आणि ही शिस्त आपणच घातली असं ते सभांमधून सांगत. त्या माणसाचं शेवटचं स्वप्न माझ्या यंत्रानं मोडलं, याचं मला अजून वाईट वाटतं. प्रबंध बारीकसाच झाला, उशिराही झाला. आईनं भावाशी आणखी एकदा भांडून मुदत वाढवली. तोंडी परीक्षेत सुनंदाला विचारलं, या सालीत विशेष काय मिळालं? ती म्हणाली, काही नाही, पण ते मी खात्रीनं सांगू शकते. पदवी मिळाली.

पण मला आठवते ती तीच दुपार. आईला बसमध्ये बसवून सुनंदा परत आली आणि म्हणाली, "आत्ताच करते, अक्का. सरांना सांगायच्या आधी मला एकदा स्वतः बघायचंय." मोकळ्या हातानं कोरा नमुना केला. मी शेजारी बसून बघितलं, फनेलमध्ये काही लोंबलं नाही. कुपी आणली, मी यंत्रात घातली. सगळं शांत होतं. आम्ही हुश्श करणार एवढ्यात २१६ वर रेघ आली. अगदी बारीक, गवताच्या काडीएवढी. पण होती.

"आता कुठून?" सुनंदा कासावीस झाली. "दोरा तर आई घेऊन गेली!"

मी तिच्या मनगटाकडे बघितलं. गोऱ्या पट्टीवर बोटांचे पिवळसर ठसे होते.

"बसमध्ये बसेपर्यंत धरला होता ना गं तिनं हात?" मी विचारलं.

तिनं हात वर करून बघितला. मग तो छातीशी घेऊन ती तशीच उभी राहिली. मी यंत्राकडे तोंड करून बसले. थोड्या वेळानं म्हटलं, "जा, साबणानं धू. आणि परत काढ."

ती लगेच गेली नाही. मीही घाई केली नाही.